रेस दिली की गाडी खडखडते? फोन हातात घ्या आणि आवाज शोधा

गाडी सुरू केली तर शांत, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की खालून कुठूनतरी खडखड. गॅरेजमध्ये नेली की नेमका तोच आवाज गायब! मित्रांनो, या आवाजाची नेहमीची कारणं मोजकीच आहेत, पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक कारण हार्डवेअरच्या दुकानातल्या होज क्लिपने मिटतं, तर दुसऱ्याकडे दुर्लक्ष केलं तर इंजिन खोलायची वेळ येते. म्हणून मी 'काय वाजतंय' याच्या आधी 'कधी वाजतंय' हे बघतो.

सगळ्यात आधी डिकीतला जॅक, दरवाजातली बाटली, डॅशबोर्डवरची चिल्लर बाहेर काढा. हसू नका, बरेच आवाज इथेच संपतात.

मग गाडी मोकळ्या जागेत उभी करा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि रेस हळूहळू ३००० आरपीएमपर्यंत न्या. आत एक फोन आरपीएमच्या काट्यावर धरा, दुसरा फोन घेऊन मित्राला गाडीच्या बाजूला उभं करा (पुढे किंवा मागे नाही). व्हॉइस नोट नको, व्हिडिओच घ्या. कॉल आणि व्हॉइस नोटमध्ये बरेच फोन माणसाचं बोलणं ठेवतात आणि मागचा गोंगाट दाबतात. आपल्याला तर तो गोंगाटच हवाय.

उभ्या गाडीतही आवाज आला, आणि तोही २००० च्या आसपास येऊन पुढे गेला, तर एखादा पातळ पत्रा सैल असण्याची शक्यता जास्त. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठोके पडतात. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १०० ठोके. प्रत्येक पत्र्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते. ठोके तिच्याशी जुळले की पत्रा थरथरतो, पुढे गेले की गप्प बसतो.

हा पत्रा बहुतेक वेळा हीट शील्ड असतो, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपवरचं उष्णता अडवणारं कवच. पावसापाण्यात त्याचे बोल्ट गंजतात, कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. इंजिन बंद करून पाइप पूर्ण थंड होऊ द्या, मग हातमोजा घालून शील्ड हलवून बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र अजिबात जायचं नाही. शील्ड सैल असेल तर पाइप आणि शील्ड मिळून स्टीलची मोठी होज क्लिप आवळा. माझ्या गाडीला एका गॅरेजने पूर्ण सायलेन्सर बदलायला सांगितला होता. दोन क्लिपांवर ती दोन वर्षं शांत आहे. काही जण शील्ड सरळ उपटून टाकतात. तसं करू नका, गाडीचा तळ आणि आसपासच्या वायरी त्याच्यामुळेच तापत नाहीत.

रबरी हातोडीने हलकं ठोकल्यावर डब्याच्या आतून फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची आतली सिरॅमिकची जाळी तुटली असणार. तो बदलावाच लागतो आणि महाग पडतो, कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे धातू असतात. पण बदलण्याआधी 'तुटला का?' हे मेकॅनिकला विचाराच. प्लग किंवा कॉइल खराब असेल तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन जळतं आणि जाळी वितळते. मूळ दुखणं तसंच राहिलं तर नवीनही जाईल.

आता खरा काळजीचा आवाज. उभी गाडी गप्प, पण घाट चढताना चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की डब्यात गोट्या हलवल्यासारखं वाजतं, आणि तिसरा गिअर टाकला की थांबतं. पेट्रोल गाडीत हे बहुधा नॉकिंग असतं. (डिझेलची थोडी टकटक नेहमीचीच.) प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्वाळा पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं आणि दाबाचा हातोडा पिस्टनवर बसतो. हे चालू ठेवलं तर पिस्टन आणि रिंगा तुटू शकतात. लगेच खालचा गिअर टाका, पाय हलका करा. कूलंटचं तापमान बघा. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ऑक्टेनचं पेट्रोल दुसऱ्या पंपावरून भरून बघा. तरीही वाजलं तर कार्बन, चुकीचे प्लग किंवा नॉक सेन्सर, हे मेकॅनिकचं काम.

वळताना कटकट होत असेल तर सीव्ही जॉइंट, गिअर बदलताना धप्प झालं तर इंजिन माउंटिंग तपासून घ्या.

ब्लूटूथ ओबीडी डोंगल असेल तर कोड वाचा, पण कोड म्हणजे निकाल नव्हे. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा संशय. पी०३२५ म्हणजे नॉक सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड, नॉकिंग होतंयच असं नाही. अ‍ॅप कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागत असेल तर देऊ नका. काम झालं की डोंगल काढा, नाहीतर बॅटरी हळूहळू उतरते.

मेकॅनिकला व्हिडिओ पाठवताना खाली चार गोष्टी लिहा: कितवा गिअर, किती आरपीएम, चढ की सपाट, इंजिन थंड की गरम.