अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब आहे? मग बुटाचा नंबर नेमका कुठे चुकतो, समजून घ्या

बूट नवा, नंबर नेहमीचाच. दुकानात घालून पाहिला तेव्हा ठीक वाटला. पण आठवड्याभरात पायाच्या दुसऱ्या बोटाचं नख दुखायला लागलं आणि महिन्याभरात ते काळंनिळं पडलं. 'नवीन बूट चावतोच, होईल सैल' म्हणून वाट बघायची, की पुढच्या वेळी एक नंबर मोठा घ्यायचा?

त्याआधी एक काम करा. मोजे काढा, जमिनीवर सरळ उभे राहा आणि खाली बघा. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या पुढे गेलंय का? गेलं असेल तर घाबरू नका, असे पाय असलेले लोक भरपूर आहेत. हा आजार नाही आणि व्यंगही नाही. फक्त बाजारातले बहुतेक बूट ज्या आकारावर बेतलेले असतात, तो आकार तुमच्या पायाचा नाही.

बोट लांब असतं की हाड आखूड?

आपल्या एका पावलात २६ हाडं असतात. त्यातली पाच लांब हाडं चवड्यात असतात आणि त्यांच्या टोकांना बोटं जोडलेली असतात. अंगठ्यात दोन छोटी हाडं, तर बाकीच्या बोटांत साधारणपणे तीन-तीन.

गंमत अशी, की अनेकांचं दुसरं बोट लांब नसतंच. अंगठ्यामागचं चवड्यातलं हाड तुलनेने आखूड असतं. त्यामुळे अंगठा थोडा मागून सुरू होतो आणि शेजारचं बोट पुढे आल्यासारखं दिसतं. डडली मॉर्टन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२०च्या दशकात या रचनेवर सविस्तर लिहिलं, म्हणून तिला 'मॉर्टन्स टो' म्हणतात. काहींचं मात्र दुसरं बोटच खरोखर लांब असतं. बाहेरून दोन्ही पाय सारखेच दिसतात.

इंटरनेटवर शोधताना 'मॉर्टन्स न्यूरोमा' असंही नाव दिसेल. ते वेगळं प्रकरण आहे. त्यात बोटांकडे जाणाऱ्या नसेभोवतीचा भाग जाड होतो, बहुतेकदा तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मध्ये. ते नाव थॉमस मॉर्टन या दुसऱ्याच डॉक्टरांवरून पडलं आहे.

बोटांच्या लांबीचा आणखी एक प्रकार म्हणजे आखूड चौथं बोट. चवड्यातल्या हाडाची वाढ लवकर थांबली की ते बोट मागे राहतं, कधी कधी शेजारच्या बोटांवर चढल्यासारखं दिसतं. याला 'ब्रॅकीमेटाटार्सिया' म्हणतात आणि हे मुलींमध्ये जास्त आढळतं. अशांना बुटाच्या लांबीपेक्षा उंचीचा त्रास होतो. वर आलेलं बोट बुटाच्या छताला घासतं.

रीलमधला 'ग्रीक पाय' खरा आहे का?

'तुमचा पाय ग्रीक की इजिप्शियन? पूर्वज कोण होते ते ओळखा', अशी रील तुम्हीही पाहिली असेल. अंगठा सर्वांत लांब असेल तर इजिप्शियन, दुसरं बोट लांब असेल तर ग्रीक आणि बोटं साधारण एका रेषेत असतील तर रोमन किंवा चौकोनी पाय.

ही नावं पायाच्या आकाराचं वर्णन म्हणून वापरली जातात, तेवढ्यापुरतीच ती उपयोगी आहेत. प्राचीन ग्रीक शिल्पांमध्ये लांब दुसरं बोट दिसतं, त्यावरून 'ग्रीक पाय' हे नाव रूढ झालं. पण त्यावरून तुमचे पूर्वज अथेन्सचे होते असं ठरत नाही. तिन्ही प्रकारचे पाय जगभर सापडतात, अगदी एकाच घरातल्या भावंडांमध्येसुद्धा. बोटांची ठेवण घराण्यात चालत येते हे खरं, पण बोटं बघून वंश सांगता येत नाही.

आणि ते 'नवऱ्याला मुठीत ठेवणार'?

आपल्याकडे याची वेगळीच आवृत्ती आहे. मुलीचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असेल तर ती नवऱ्याला मुठीत ठेवते, असं गमतीत आणि कधी गंभीरपणेही म्हटलं जातं. मुलाचं बोट लांब असेल तर त्यावर फारशी चर्चा होत नाही, यातच काय ते आलं. चवड्यातल्या हाडाच्या लांबीचा आणि संसाराचा काहीही संबंध नाही. पण अशा बोलण्यामुळे एखादी मुलगी पाय लपवायला निमुळते, बंद बूट घालत असेल, तर त्रास तिच्या पायाला होतो.

मग दुखतं का?

मॉर्टन यांचं म्हणणं होतं, की अंगठ्यामागचं हाड आखूड असलं की चालताना त्यावर पुरेसा भार पडत नाही. तो शेजारच्या हाडावर जातो आणि पाय दुखतो. काही लोकांच्या बाबतीत असं होतं. त्यांना दुसऱ्या बोटाच्या मुळाशी, तळव्याला घट्टा पडतो.

पण रचना अशी आहे म्हणजे दुखणारच, असं नाही. कॅनडाच्या हॅरिस आणि बीथ या डॉक्टरांनी साडेतीन हजारांहून जास्त सैनिकांचे पाय तपासले होते. १९४९ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की आखूड हाड पुष्कळांमध्ये असतं आणि नुसत्या त्यामुळे पाय दुखतो असं दिसत नाही.

रोजच्या त्रासाचं कारण बहुतेकदा बुटात असतं. चालताना पाऊल बुटात किंचित पुढे सरकतं. उतारावर, जिन्यावर किंवा गड उतरताना तर जास्तच. बुटाचं टोक अंगठ्याच्या बाजूला लांब आणि पुढे निमुळतं होत गेलेलं असेल, तर आधी आपटतं ते दुसरं बोट. त्यातून पुढच्या गोष्टी घडतात:

- नखाखाली रक्त साकळतं आणि नख काळं पडतं. कधी ते गळूनही जातं.
- जागा नसल्याने बोट आत दुमडून राहतं. वर्षानुवर्षं असंच चाललं तर ते हातोडीसारखं वाकडं होऊ शकतं.
- वाकलेल्या बोटाचा सांधा बुटाच्या वरच्या भागाला घासतो आणि तिथे कुरूप येतं.

हे खूप जणांच्या उशिरा लक्षात येतं, कारण आपलं बरंच आयुष्य चपलेत जातं. कोल्हापुरी किंवा साधी स्लिपर पुढून उघडी असते, त्यामुळे बोट कशावर आपटत नाही. बंद बूट येतात ते शाळेत, नंतर नोकरीत किंवा पळायला सुरुवात केल्यावर.

नंबर नेमका काय मोजतो?

भारतात बुटाच्या खोक्यावर बहुतेकदा यूके नंबर असतो. या पद्धतीत एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपियन पद्धतीत तो साधारण साडेसहा मिलिमीटर असतो. दोन्ही नंबर लांबी सांगतात. बुटाचं टोक गोल आहे की निमुळतं, हे त्यातून कळत नाही.

टोकाचा आकार ठरतो साच्यावर. बूट बनवणारे त्याला 'लास्ट' म्हणतात. प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा साचा वेगळा असतो. म्हणून एका कंपनीचा ८ नंबर आरामात बसतो आणि दुसरीचा ८ नंबर चावतो.

लांबीतही एक मेख आहे. अमेरिकेच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात पाय मोजायचं एक धातूचं साधन बनवलं, जे आजही वापरात आहे. ते तीन गोष्टी मोजतं: टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर, टाचेपासून अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यापर्यंतचं अंतर आणि रुंदी. यातलं दुसरं माप महत्त्वाचं, कारण बूट त्याच सांध्यापाशी वाकायला हवा. एखादं बोट जास्त लांब असेल तर या दोन लांब्यांवरून निघणारे नंबर वेगळे येऊ शकतात.

नुसता एक नंबर मोठा घेतला की काम होत नाही, ते यामुळेच. बोटाला जागा मिळते, पण बूट चुकीच्या जागी वाकतो, टाच सुटते आणि पाऊल पुन्हा पुढे घसरतं. म्हणून आधी आकार बघायचा, मग नंबर.

भारतीय पायांचं काय?

हा प्रश्न सरकारी पातळीवरही आला आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, तीही थ्रीडी स्कॅनरने. भारतीय पाय सरासरीने युरोपियन आणि अमेरिकन पायांपेक्षा रुंद असल्याचं त्यात दिसलं. अरुंद बुटात पाय मावत नाही म्हणून लोक गरजेपेक्षा लांब बूट घेतात, हेही समोर आलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय नंबरपद्धत सुचवण्यात आली आणि २०२४ मध्ये तिची बरीच चर्चा झाली.

नंबर बदलला तरी प्रत्येकाच्या बोटांची ठेवण त्यात मावणार नाही. त्यामुळे स्वतःचं माप स्वतःला माहीत असणं उत्तम.

घरच्या घरी माप कसं घ्यायचं?

१. संध्याकाळी मोजा. दिवसभरात पाय थोडे सुजतात.
२. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा. बसून मोजू नका, कारण वजन पडल्यावर पाऊल पसरतं.
३. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्या कुणालातरी रेघ मारायला सांगा.
४. भिंतीपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर मोजा. ते बोट अंगठाच असेल असं धरून चालू नका.
५. चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा.
६. दोन्ही पाय मोजा. ते क्वचितच अगदी सारखे असतात. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्या.

जोडवी घालत असाल तर ती घालूनच मोजा. जोडवी नेमकी दुसऱ्या बोटात असतात आणि बंद बुटात त्यांचीही जागा धरावी लागते. बाळंतपणानंतर आणि वाढत्या वयात पाऊल थोडं लांब-रुंद होऊ शकतं, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या मापावर विसंबू नका.

दुकानात काय बघायचं?

- सुकतळा बाहेर काढा. बुटातला इनसोल निघत असेल तर तो जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. बोट बाहेर गेलं किंवा कडेला टेकलं, तर तो बूट तुमचा नाही.
- पुढे एक सेंटीमीटर जागा हवी. सर्वांत लांब बोट आणि बुटाचं टोक यांच्यात साधारण एक सेंटीमीटर मोकळं असावं. पळायच्या बुटात थोडं जास्त चालेल.
- टोक गोल किंवा चौकोनी निवडा. निमुळत्या टोकात नंबर वाढवूनही जागा फारशी वाढत नाही.
- उंची तपासा. आत बोटं वर-खाली हलवता आली पाहिजेत.
- लेस किंवा पट्टा असलेला बूट घ्या. टाच जागेवर राहिली की पाऊल पुढे सरकत नाही.
- दुकानात फिरून बघा. जिना किंवा उतार असेल तर उतरून पाहा.

ऑनलाइन घेताना नंबरऐवजी सेंटीमीटरचा तक्ता बघा. तो तक्ता पायाची लांबी सांगतोय की बुटाच्या आतली, हेही वाचा. दोन्हींत जवळपास एक सेंटीमीटरचा फरक असू शकतो.

आधीच घेतलेल्या बुटांचं काय?

कातडी बूट दुरुस्तीवाल्या काकांकडून साच्यावर थोडे ताणून घेता येतात. पण ते रुंदीला सैल होतात, लांबीला फारसे नाही. बोट आपटत असेल तर लेस घोट्याजवळच्या शेवटच्या भोकापर्यंत नीट ओवून बांधा, म्हणजे टाच मागे राहते. जाड मोज्यांऐवजी पातळ मोजे वापरा. नखं सरळ आणि बेताची कापा. तरीही नख काळं पडत असेल, तर तो बूट बाजूला ठेवा. बोट बुटाच्या मापाचं होणार नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

बूट बदलूनही चवड्यात दुखत राहिलं, बोट वाकडं होत चाललं, बोटांमध्ये मुंग्या किंवा जळजळ होत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. बऱ्याचदा योग्य बूट आणि आत घालायची गादी यावरच भागतं. बोट दुखत नसेल, तर फक्त दिसण्यासाठी ते लहान करण्याची शस्त्रक्रिया करायची गरज नाही.

मधुमेह असेल तर मात्र वाट बघू नका. पायाची संवेदना कमी झाली असेल तर बूट चावतोय हे कळतच नाही आणि छोट्या फोडाची मोठी जखम होऊ शकते. अशांनी रोज रात्री दोन्ही पाय, बोटांच्या बेचक्यांसकट, नीट बघावेत. कुरूप स्वतः ब्लेडने कापू नये.

घरात शाळेत जाणारं मूल असेल, तर जूनमधल्या खरेदीला जाण्याआधी त्याचा पाय कागदावर काढा. 'बूट चावतो' ही त्याची तक्रार नखरा आहे की खरी, ते त्या कागदावर दिसेल.