वळिवाचे वादळ : पूर्वखुणा

उन्हाळ्याच्या अखेरीस, मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत, येणाऱ्या गडगडाटी वादळाची आगाऊ चिन्हे. भुईला टेकणारा चक्रीय सोसाटा (टोर्नेडो) महाराष्ट्रात विरळाच. कुळगाव-बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर परिसराला खरा धोका वळिवाचा. दुपारी सह्याद्रीच्या बाजूला ढग उभे चढू लागतात. शेंडा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला आणि तळ काळवंडला, की वादळ पक्के झाले असे समजावे. सर्वांत महत्त्वाची खूण मात्र वाऱ्याची आहे. अंगाची काहिली होत असताना वारा पडतो, पान हलत नाही. मग एकाएकी गार झोत येतो, धुळीचा लोट उठतो, जांभळाच्या फांद्या एका दिशेला वाकतात. हा ढगातून खाली कोसळणारा थंड वारा असतो. तो पावसाच्या पुढे धावतो, म्हणून थेंबांची वाट पाहत बसू नये. विजेनंतर गडगडाट 3 सेकंदांनी आला, तर वीज सुमारे 1 किमीवर असते. ढगाचा तळ गरगर फिरू लागून खाली सोंड उतरली, तर ते टोर्नेडोचे लक्षण. 13 मे 2024 रोजी वळिवाच्या धुळीच्या वादळात घाटकोपरला एक जाहिरात फलक कोसळून 17 जणांचा बळी गेला. त्यामुळे फलक, पत्र्याची शेड आणि झाड यांचा आडोसा टाळून पक्के घर गाठावे. हवामान विभागाचे तात्कालिक इशारे आणि विजेची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप उपयोगी पडतात.