शब्दाभ्यास : वाचनात मागे राहिलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांसाठी

इयत्ता पाचवीच्या पुढे गेलेल्या, पण वयाला साजेसे वाचन न साधलेल्या विद्यार्थ्यांना शब्दाची घडण उलगडून वाचायला शिकवण्याची पद्धत. मूळ शब्द व त्याचे सामान्यरूप, प्रत्यय, उपसर्ग, समासाचे घटक आणि एका धातूपासून निघालेल्या शब्दांची कुळे, हा तिचा पाया. अक्षरओळखच नसलेल्या विद्यार्थ्याला ती एकटी पुरत नाही. शालेय परिभाषेत तिचा समावेश उपचारात्मक अध्यापनात होतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः पुणे शहर व परिसरातील मराठी माध्यमापुरती आहे.

गरज. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा (२००९) १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ नुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलालाही वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळतो आणि विशेष प्रशिक्षणाचा हक्क मिळतो. त्यामुळे बारा वर्षांचे मूल सहावीच्या बाकावर बसते, पण त्याची ओळख पहिलीच्या अक्षरांशीही झालेली नसते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चढत्या पायऱ्यांनी वाचन तपासतात. दुसरीची गोष्ट वाचू शकणाऱ्या आठवीच्या मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये सुमारे ७३ टक्के होते, ते २०२२ मध्ये ६९.६ टक्क्यांवर आले. १४ ते १८ वयोगटाच्या २०२३ मधील पाहणीत सुमारे चतुर्थांश मुलांना हा मजकूर आपल्या भाषेत सफाईने वाचता आला नाही. ही पाहणी ग्रामीण भागात होते, त्यामुळे पुणे शहराला तिचे आकडे लावता येत नाहीत. शिवाय तिची वरची पायरी दुसरीच्या गोष्टीपाशी संपते. ती गोष्ट सहज वाचणारे मूल सातवीच्या विज्ञानात ‘निर्जंतुकीकरण’ या शब्दाशी अडते, आणि ते अडणे कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे लक्ष्य तिसरीपर्यंतचे आहे. त्यापुढच्या मुलांसाठी सहसा पुन्हा बाराखडीच काढली जाते. मिसरूड फुटलेल्या मुलाला धाकट्या भावंडाचे पुस्तक हाती घ्यावे लागणे अपमानास्पद आहे, आणि वर्गातील मौनाचे हे एक मोठे कारण आहे.

मराठी शब्दाची घडण. मराठीत नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते आणि अनेकदा मूळ शब्दाचा चेहराच बदलतो : देऊळ–देवळात, पाऊस–पावसाने, गहू–गव्हाचे, विंचू–विंचवाला, मूल–मुलांना, विहीर–विहिरीत. ‘देऊळ’ ओळखणारा विद्यार्थी ‘देवळातल्या’पाशी थांबतो, कारण ओळखीचे अक्षररूप तिथे उरलेले नसते. त्यावर प्रत्ययांची आणि अव्ययांची माळ चढते. ‘खेड्यापाड्यांतल्यांनासुद्धा’ हा कागदावर एकच शब्द आहे. खेडे, पाडा, त, ल, ना आणि सुद्धा हे त्याचे घटक दिसू लागले की तो वाचता येतो. न दिसल्यास विद्यार्थी पहिली दोन अक्षरे वाचून उरलेले अंदाजाने म्हणतो.

दुसरी अडचण उच्चाराची आहे. लिपीत न दाखवलेला ‘अ’ कुठे उच्चारायचा आणि कुठे गाळायचा, हे शब्दाचे सांधे कळल्यावर ठरते. ‘नगरसेवक’ हा शब्द ‘नगर’ आणि ‘सेवक’ असा तुटला तरच नीट उच्चारला जातो. ‘जनगणना’, ‘लोकसभा’ यांचेही तसेच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एकच लिहिला जातो, उच्चार दोन आहेत. ‘जन’ आणि ‘जण’ यांतील ‘ज’चेही तेच. हा भेद अक्षराकडे पाहून कळत नाही, शब्द ऐकून ठाऊक असावा लागतो. मोठ्या विद्यार्थ्याकडे ऐकीव शब्दांचा साठा लहान मुलापेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि या पद्धतीची सारी भिस्त त्यावर आहे.

‘र’ची रूपे (सूर्य, प्रकाश, राष्ट्र, दऱ्या) स्वतंत्रपणे शिकवावी लागतात. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ या जोडीत चिन्ह बदलताच गुरूचा स्वयंपाकी होतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयानंतर पाठ्यपुस्तकांत काही जोडाक्षरे पाय मोडून सुटी छापली जाऊ लागली. पुस्तकात ‘विद्‌यार्थी’ आणि पाटीवर वा वर्तमानपत्रात ‘विद्यार्थी’ अशी दोन रूपे आल्याने अडखळणाऱ्याचे ओझे वाढते. १० नोव्हेंबर २०२२ रोजी या विषयावर सुधारित निर्णय निघाला.

पाचवीपासून पाठ्यपुस्तकांतील संस्कृतोद्भव पारिभाषिक शब्द झपाट्याने वाढतात. ते अवघड दिसले तरी त्यांची जुळणी नियमित असते. ‘निर्जंतुकीकरण’ म्हणजे निर्, जंतू, ‘क’ आणि ‘-ईकरण’. हा ‘-ईकरण’ एकदा कळला की ‘विकेंद्रीकरण’, ‘उदात्तीकरण’, ‘शहरीकरण’ आपोआप सुटतात. शब्दकुळाचे उत्तम उदाहरण ‘आवर्तन’. दौंड-इंदापूरकडून पुण्यात आलेल्या मुलाला खडकवासल्याच्या कालव्याचे उन्हाळी आवर्तन घरातून ठाऊक असते : पाणी ठरावीक काळाने फिरून येते. तिथून आवर्तसारणी, परावर्तन, अपवर्तन, परिवर्तन हे सगळे ‘वृत्’ धातूचे गोत त्याच्या आवाक्यात येते. संस्कृत उपसर्गांइतकेच फारसीतून आलेलेही उपयोगी पडतात : गैरहजर, बेफिकीर, नापास, बिनचूक. मोठी मुले ते रोज बोलतात, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करणे इष्ट.

शब्दाभ्यासाने वर्गावर तत्सम शब्दांचे वर्चस्व लादले जाते, असा आक्षेप घेतला जातो. बोलीतील शब्दांना फळ्यावर सारखे स्थान मिळाले तर तो बराचसा निवळतो, असे दिसते.

साधने. या कामाला लागणारी बरीचशी विद्या पुण्यात किंवा पुण्याच्या आसपास तयार झाली. पुण्यात पाठ्यपुस्तकांची भाषा तपासणारे मेजर टॉमस कँडी यांनी मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) कामात भाग घेतला आणि इंग्रजी–मराठी कोश (१८४७) सिद्ध केला. मोरो केशव दामले यांच्या शास्त्रीय मराठी व्याकरणात (१९११) सामान्यरूप आणि शब्दसिद्धी यांची विस्तृत चर्चा आहे. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात पुण्यातून निघाले, पुरवणी १९५० मध्ये आली. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश १९४६ चा. शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मराठी अभ्यास परिषदेचे ‘भाषा आणि जीवन’ हे त्रैमासिक १९८३ पासून पुण्याहून निघते. मो. रा. वाळंबे यांचे सुगम व्याकरण स्पर्धापरीक्षार्थींच्या हाती असते. एवढे धन असूनही त्याचा वापर व्याकरणाच्या गुणांसाठी होतो. अडखळणाऱ्या वाचकासाठी ते अजून पुरेसे खुले झालेले नाही. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीच्या पुस्तकांतील शब्दार्थ अर्थ देतात, बांधणी क्वचित दाखवतात.

फलटण. पुण्यापासून सुमारे ११० किमी.वरील फलटण (जि. सातारा) येथे मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनशिक्षणाचा पाया नव्याने घातला. मूळच्या अमेरिकन असलेल्या बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतील भेदांवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठी प्रबंध लिहिला आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी मराठीचे संदर्भव्याकरण (१९७५) तयार केले. दलित वस्तीतील, शाळेत असूनही न वाचणाऱ्या मुलांना शिकवताना त्यांनी मुळाक्षरांचा रूढ क्रम सोडला. थोडी अक्षरे आणि काही मात्रा एका गटात घ्यायच्या आणि पहिल्या गटापासूनच अर्थपूर्ण शब्द व वाक्ये वाचायची, ही त्यांची रीत. अक्षरांपासून सुरुवात करणाऱ्या मोठ्या मुलालाही पहिल्याच आठवड्यात खरा मजकूर वाचल्याचा अनुभव तिने मिळतो. प्रगत शिक्षण संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा (१९८६) या कामाचे केंद्र राहिली आहे. वर्णगटांचे काम जिथे संपते तिथून शब्दाभ्यास सुरू व्हावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुणे शहर व जिल्हा. वयाने मोठ्या शिकणाऱ्यांसाठी जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कामकरी स्त्रीपुरुषांची रात्रशाळा काढली. भारतीय शिक्षण संस्थेने चित्रा नाईक यांच्या नेतृत्वाखाली १९७९ पासून जिल्ह्यातील खेड्यांत ९ ते १४ वर्षांच्या शाळाबाह्य मुलांसाठी अनौपचारिक वर्ग चालवले. त्यांत दिवसभर काम करणाऱ्या मुली मोठ्या संख्येने होत्या. डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुण्यात बांधकामांवरील मजुरांच्या मुलांसाठी वर्ग चालवते आणि महापालिकेच्या शाळांत वाचनाचे तास घेते. ‘पालकनीती’ परिवाराचे खेळघर १९९६ पासून कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीत आहे.

संशोधन. जीन चॉल यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या टप्प्यांनुसार चौथीच्या सुमारास वाचायला शिकणे मागे पडते आणि वाचून शिकणे सुरू होते. बॉवर्स, कर्बी व डीकन यांनी २०१० मध्ये शब्दघटनेच्या अध्यापनाविषयीच्या २२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात कमकुवत वाचकांना तुलनेने अधिक लाभ झालेला आढळला, आणि हे अध्यापन सुटे न ठेवता एकूण वाचनलेखनात मिसळलेले बरे, असेही दिसले. हे अभ्यास बहुतांशी इंग्रजीचे आहेत. सोनाली नाग यांनी कन्नडबाबत (२००७) दाखवले की अक्षरे पक्की व्हायला चौथीपर्यंतचा काळही लागू शकतो. वाडा (जि. पालघर) व यादगीर (कर्नाटक) येथील तुलनात्मक प्रकल्पात (अहवाल २०१७) तिसरीच्या अनेक मुलांना मात्राही पक्क्या येत नसल्याचे आढळले.

पद्धत. मजकूर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या इयत्तेचाच घ्यावा. त्यातील चार-पाच शब्द निवडून मूळ शब्द फळ्याच्या मध्यभागी लिहितात आणि मुले त्याचे नातलग शब्द सांगतात, घरातले आणि बाजारातलेही. प्रत्येक नाते अर्थावर घासून पाहतात : ‘बेफिकीर’मधला ‘बे’ उपसर्ग आहे, ‘बेडूक’मधला नाही. हा वाद मुले हिरिरीने घालतात आणि धड्याचा खरा लाभ त्यातच असतो. नंतर शब्द बोलत लिहितात आणि अखेरीस तोच उतारा पुन्हा मोठ्याने वाचतात. उतारा पुन्हा न वाचल्यास सगळे श्रम व्याकरणाच्या तासात जमा होतात.

अध्ययन अक्षमता. महाराष्ट्रात अशा विद्यार्थ्यांना परीक्षेतील सवलती १९९६ पासून मिळू लागल्या. दिव्यांग हक्क कायद्यात (२०१६) विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. अक्षमता आणि अपुरे शिकवणे यांतील सीमारेषेविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत.

मूल्यमापन. प्रत्ययासह आलेले अनोळखी शब्द वाचून घेणे आणि त्याच उताऱ्याचा आशय तोंडी विचारणे, या दोन कसोट्या एकत्र वापरतात.