विंधनछिद्रातील भिंतभंग

विंधनछिद्रातील भिंतभंग (ब्रेकआउट) म्हणजे खोल विंधनछिद्राची भिंत समोरासमोरच्या दोन बाजूंनी ढासळणे होय. या पडझडीवरून भूगर्भातील खडकांवर कार्य करणाऱ्या क्षैतिज प्रतिबलाची दिशा ठरवता येते. प्रतिबलाचे मूल्य मात्र तितक्या खात्रीने सांगता येत नाही.

तत्त्व

खडकात छिद्र पाडल्यावर काढून टाकलेल्या भागाने पेललेला भार छिद्राच्या कडेने वळतो. एर्न्स्ट गुस्ताव्ह किर्श यांनी १८९८ मध्ये याची सूत्रे मांडली. समजा, एका ठिकाणी महत्तम क्षैतिज प्रतिबल ६० व लघुतम ३० मेगापास्कल आहे. द्रवांचा दाब जमेस न धरल्यास उभ्या छिद्राच्या भिंतीवर लघुतम प्रतिबलाच्या दिशेला ३ × ६० − ३० = १५० मेगापास्कल, तर त्याच्या काटकोनात ३ × ३० − ६० = ३० मेगापास्कल इतके संपीडन येते. पहिल्या ठिकाणी खडकाचे सामर्थ्य अपुरे पडले की कपचे सुटतात आणि छिद्र त्या दिशेने लांबट होते. म्हणजेच भिंतभंग लघुतम क्षैतिज प्रतिबलाची दिशा दाखवतो. काटकोनातील भागात चिखलद्रवाच्या दाबाने किंवा थंड होण्याने उभ्या तडा पडू शकतात. त्या महत्तम प्रतिबलाच्या दिशेला असतात.

इतिहास

कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या तेलविहिरी वायव्य-आग्नेय दिशेने लांबट झाल्याचे आढळले होते. बेल व गॉफ यांनी १९७९ मध्ये त्याचा संबंध प्रतिबलाशी जोडला. महत्तम प्रतिबल ईशान्य-नैर्ऋत्य, म्हणजे रॉकी पर्वतरांगेला जवळजवळ लंब, असल्याचे त्यावरून दिसले. अन्य हेतूने झालेल्या मोजणीतून प्रतिबलाची माहिती मिळाल्याने ही पद्धत लवकर रुजली.

मोजणी

चार भुजांचे व्यासमापक छिद्रातून वर ओढताना फिरत राहते. भिंतभंगात मात्र एक भुजाजोडी अडकून त्याचे फिरणे थांबते. दुसऱ्या जोडीने मोजलेला व्यास वेधणीच्या पात्याएवढाच असावा लागतो. दोन्ही व्यास वाढलेले असतील तर तो भाग केवळ धुपलेला असतो. तिरप्या छिद्रात वेधणीचे दांडे एकाच बाजूला घासूनही खाच पडते. म्हणून ध्वनिलहरींनी किंवा विद्युत्‌रोधावरून घेतलेल्या भिंतीच्या प्रतिमा अधिक भरवशाच्या ठरतात. जागतिक प्रतिबल नकाशाच्या सर्वोच्च प्रतीसाठी एका विहिरीत किमान १० भंगपट्टे, त्यांची एकत्रित लांबी ३०० मीटर आणि दिशांचे प्रमाण विचलन १२ अंशांपर्यंत असावे लागते.

मर्यादा

भिंतभंग काळानुसार खोल होत जातो, पण त्याची रुंदी फारशी बदलत नाही. त्यामुळे रुंदीवरून महत्तम प्रतिबलाचा अंदाज घेतात. त्यासाठी खडकाचे सामर्थ्य ठाऊक हवे, आणि नेमके तेच प्रयोगशाळेतील लहान नमुन्यावरून निश्चित करणे कठीण असते. लघुतम प्रतिबल सहसा जलभंजन चाचणीतून घेतात.

कोयना

१० डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतरही कोयना परिसरात भूकंप होत राहिले आहेत. तेथे गोठणे येथील सुमारे ३ किलोमीटर खोल पथदर्शी छिद्र बेसाल्टचे थर ओलांडून खालच्या ग्रॅनाइटी खडकात गेले आहे. कोणत्या दिशेचे भ्रंश सरकण्यास अनुकूल आहेत हे जाणण्यासाठी प्रतिबलाची दिशा आवश्यक असते; त्यामुळे अशा छिद्रांतील भिंतींच्या प्रतिमांना तेथे विशेष महत्त्व आहे.