यूएस-64 : एका युनिटच्या किमतीचा इतिहास

स्वातंत्र्योत्तर भारतात सामान्य कुटुंबाची बचत आणि सरकारचे औद्योगिक धोरण यांची जी गाठ पडली, तिचा सर्वांत बोलका पुरावा युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाच्या 'युनिट स्कीम 1964', म्हणजेच यूएस-64, या योजनेच्या इतिहासात सापडतो. अनेक लहान बचतदारांचा पैसा एकत्र करून तो शेअर व कर्जरोख्यांत गुंतवायचा आणि या एकत्रित निधीतील प्रत्येकाचा वाटा 'युनिट' या एककात मोजायचा, ही कल्पना रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ए. डी. श्रॉफ समितीने 1954 साली मांडली होती. परंतु ती प्रत्यक्षात येण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री असताना, 1963 च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या या ट्रस्टचा कारभार 1 फेब्रुवारी 1964 रोजी मुंबईत सुरू झाला. त्याच्या 5 कोटी रुपयांच्या प्रारंभिक भांडवलापैकी निम्मे रिझर्व्ह बँकेने दिले आणि उरलेले स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ व अन्य बँकांनी मिळून उभे केले. दर्शनी 10 रुपये किमतीचे युनिट त्याच वर्षीच्या जुलैत विक्रीस आले.

या योजनेचे वेगळेपण तिच्या किंमत ठरवण्याच्या पद्धतीत होते. निधीतील सर्व गुंतवणुकींच्या बाजारभावातून देणी वजा करून, उरलेल्या रकमेस युनिटांच्या संख्येने भागले की जे येते त्यास निव्वळ मालमत्ता मूल्य म्हणतात, आणि आजचे म्युच्युअल फंड याच मूल्याने युनिटे विकतात व परत घेतात. यूएस-64 ची विक्रीची आणि पुनर्खरेदीची, म्हणजे बचतदाराकडून युनिट परत घेण्याची, किंमत मात्र ट्रस्टच्या कार्यालयात ठरत असे. ट्रस्टचे हिशेबी वर्ष जुलैपासून जूनपर्यंतचे असल्याने जुलैत विक्रीची किंमत सर्वांत कमी ठेवली जाई व पुढे ती महिन्यामहिन्याने थोडीथोडी चढवली जाई, त्यामुळे युनिट जुलैत घ्यावे हा सल्ला पगारदार घरांत रूढ झाला. लाभांश दर्शनी किमतीवर जाहीर होत असे, ही बाबही लक्षात घेण्याजोगी आहे. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात जाहीर झालेला 26 टक्के लाभांश म्हणजे युनिटमागे 2 रुपये 60 पैसे, आणि ज्याने ते युनिट 15 रुपयांना घेतले असेल त्याच्या दृष्टीने तो सुमारे 17 टक्केच ठरे.

बचतदारास सल्ला देणाऱ्या एजंटाने ही योजना बँकेतील ठेवीच्या पंक्तीस बसवली, आणि त्यात त्याचा एकट्याचा दोष मानणे अन्यायाचे होईल. सहसा चढती राहणारी किंमत, नेमाने मिळणारा लाभांश, प्राप्तिकरातील सवलत आणि संस्थेच्या जन्माशी जोडलेले रिझर्व्ह बँकेचे नाव, एवढे सगळे समोर असताना 'सरकारी म्हणजे सुरक्षित' असा निष्कर्ष कोणीही काढला असता. कायद्यात मात्र युनिटच्या किमतीची हमी सरकारने कोठेही दिलेली नव्हती. लोकांच्या मनातील ही हमी धोरणाच्या सोयीची होती, कारण तिच्या बळावर घरगुती बचत उद्योगांच्या भांडवलाकडे वळत होती, आणि म्हणूनच तो गैरसमज दूर करण्याची तसदी कोणी घेतली नाही.

उदारीकरणानंतर निधीतील शेअरांचे प्रमाण वाढत 60 टक्क्यांच्या पुढे गेले. शेअरबाजार खाली आला तरी लाभांश व पुनर्खरेदीची किंमत चढीच राहिली. शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीची म्युच्युअल फंडविषयक शिस्त या योजनेस लागू नसल्याने तिचे खरे मूल्य बचतदारास दिसत नव्हते. 1998 साली तिची गंगाजळी 1,098 कोटी रुपयांनी उणे झाल्याचे उघड झाले. योजनेच्या परीक्षणासाठी नेमलेल्या दीपक पारेख समितीच्या अहवालानंतर सरकारने सार्वजनिक कंपन्यांचे शेअर ट्रस्टकडून घेऊन बदल्यात रोखे दिले आणि 1999 च्या अर्थसंकल्पाने करसवलतही दिली, परंतु दुखणे ज्या किंमतपद्धतीत होते ती तशीच राहिली. 2001 च्या एप्रिल-मे महिन्यांत युनिटधारकांनी, विशेषतः मोठ्या कंपन्यांनी, 4,000 कोटींहून अधिक रुपये काढून घेतले आणि 2 जुलै 2001 रोजी ट्रस्टने विक्री व पुनर्खरेदी दोन्ही थांबवली. सुमारे 2 कोटी युनिटधारकांपैकी ज्यांनी निवृत्तीची पुंजी येथे ठेवली होती, त्यांना गरजेच्या वेळी पैसा काढता येईना. वर्षअखेरीस निव्वळ मूल्य जाहीर होऊ लागले, तेव्हा ते 6 रुपयांच्या आसपास निघाले.

लहान बचतदारांना वाचवणे आवश्यकच होते, आणि 5,000 युनिटांपर्यंत 12 रुपये व त्यापुढील युनिटांस 10 रुपये हा किमान भाव देण्याचा निर्णय त्या दृष्टीने योग्य मानावा लागतो. तथापि त्याचा भार, ज्यांनी कधी एकही युनिट घेतले नव्हते, अशा करदात्यांवरही पडला; ट्रस्टच्या यूएस-64 व हमीपरताव्याच्या योजनांसाठी 2002 साली मंजूर झालेली मदत 14,561 कोटी रुपयांची होती. फेब्रुवारी 2003 मध्ये ट्रस्टचे विभाजन झाले, 31 मे 2003 रोजी यूएस-64 बंद करण्यात आली, आणि तिच्या युनिटधारकांना देऊ केलेल्या 6.75 टक्के व्याजाच्या करमुक्त रोख्यांची मुदत 2008 साली संपली.