इ. स. १८९७ आणि प्रवाशाचे आरोग्यरक्षण

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगाव १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होते. त्याच राज्यात, सिकंदराबादेतील बेगमपेठ येथे, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परजीवी आढळला. त्याच वर्षी १० जानेवारीस मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. रोगनिवारणाचे दोन भिन्न मार्ग या दोन घटनांत स्पष्ट दिसतात.

पुसेगावचा रहिवासी आज युगांडास निघाला, तर त्यास हे दोन्ही मार्ग अनुसरावे लागतात. पीतज्वराची लस प्रवेशापूर्वी किमान १० दिवस घ्यावयाची असते. तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आजन्म ग्राह्य आहे. भारतात पीतज्वर नाही, परंतु तो पसरविणारा एडिस डास आहे. म्हणून ही लस प्रवाशाइतकीच त्याच्या गावाचेही रक्षण करते.

हिवतापाची गोष्ट निराळी. त्यावरील पहिल्या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली, ती मुख्यतः आफ्रिकेतील बालकांसाठी. प्रवाशास वैद्यांनी सांगितलेल्या गोळ्या निघण्यापूर्वीपासून परतल्यानंतरही ठरावीक काळ घ्याव्या लागतात, मच्छरदाणी हवीच. हिवताप आपल्या ओळखीचा, ही समजूत येथे घातक ठरते. कारण आफ्रिकेतील फाल्सिपेरम हिवताप त्वरित उपचार न झाल्यास प्राण घेतो. परतल्यावर ताप आल्यास रक्ततपासणीस विलंब न करणे आवश्यक होय.