अंदमानच्या बोटीतला 'बंक क्लास' : तीन रात्री स्वस्तात झोपायची सोय नेमकी असते कशी?

अंदमानला बोटीनं जायचं म्हटलं की डोळ्यासमोर क्रूझ येते. स्विमिंग पूल, बाल्कनी, मावळता सूर्य आणि हातात सरबत. चेन्नईच्या बंदरात सरकारी बोटीत चढल्यावर चित्र वेगळं दिसतं. पाठीवर पोती, हातात पाण्याचे कॅन, काखेत चटई आणि कडेवर पोर घेऊन शेकडो माणसं जिना उतरून खाली चाललेली असतात. ती चाललेली असतात 'बंक'मध्ये.

बंक म्हणजे या बोटीतला सगळ्यात स्वस्त झोपायचा वर्ग. तो कसा असतो, स्वस्त का असतो आणि आपण त्यातून जावं का, ते बघूया.

प्रवास केवढा?

चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम या तीन बंदरांतून अंदमानला प्रवासी बोटी जातात. तिन्हीकडून अंतर साधारण १,२०० किलोमीटर. विमानाला दोन-सव्वादोन तास लागतात, बोटीला चेन्नईहून साधारण ६० तास. म्हणजे दोन ते तीन रात्री बोटीवरच काढायच्या. बोट पोहोचते पोर्ट ब्लेअरला. २०२४ पासून त्याचं अधिकृत नाव श्री विजयपुरम आहे.

एवढा वेळ खुर्चीत बसून निघत नाही, त्यामुळे इथं तिकीट म्हणजे झोपायची जागा. वर डीलक्स आणि फर्स्ट क्लासच्या केबिन, मग सेकंड क्लासच्या जास्त माणसांच्या केबिन आणि सगळ्यात खाली बंक. एमव्ही स्वराज द्वीपसारख्या बोटीची क्षमता साधारण १,२०० प्रवाशांची, आणि त्यातल्या बहुतेक जागा बंकच्याच. म्हणजे या बोटीवरचा खरा प्रवासी बंकमध्येच असतो.

बंक दिसतो कसा?

रेल्वेच्या स्लीपर डब्यातल्या मधल्या भिंती काढून टाका आणि असे बरेच डबे एकाला एक जोडा. खालच्या डेकवरचा मोठा हॉल, त्यात लोखंडी सांगाड्यांच्या रांगा, प्रत्येकावर खाली एक आणि वर एक बर्थ. पडदा नाही, दार नाही. संडास-बाथरूम सगळ्यांना सामायिक. अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं. जेवणाचे पैसे तिकिटात नसतात, कँटीनमध्ये वेगळे द्यावे लागतात.

आवाज भरपूर. इंजिनाची घरघर, लहान मुलं, कुणाचा तरी मोबाइलवरचा सिनेमा. किनाऱ्यापासून लांब गेलं की रेंज जाते, पण डाउनलोड करून आणलेलं सगळं चालू असतं.

मग झोप लागते का?

लागते. त्यासाठी थोडी माहिती मात्र हवी.

पहिली गोष्ट बोट लागण्याची. बोट लाटांवर डोलते तेव्हा सगळ्यात जास्त हलतात तिची पुढची-मागची टोकं आणि वरचे मजले. सगळ्यात कमी हलतो मध्यभाग आणि तोही खालचा. त्यामुळे महागड्या वरच्या केबिनपेक्षा खालच्या बंकमध्ये हेलकावे कमी जाणवू शकतात. तोटा असा की तिथून क्षितिज दिसत नाही. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत, कान सांगतात आपण हलतोय, आणि या भांडणात पोट ढवळतं. उपाय म्हणजे दिवसा वर डेकवर थांबा, लांब क्षितिजाकडे बघा आणि झोपायलाच खाली या. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आणि त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. बर्थ बदलून मिळत असेल तर हॉलच्या मधल्या भागातली घ्या. संडासाचा वास आणि जिन्यावरची वर्दळ दोन्ही लांब राहतं. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना खालचीच बर्थ हवी, कारण रात्री बोट कलते तेव्हा वरून उतरणं धोक्याचं असतं.

तिसरी गोष्ट सामानाची. चादर, हवेची उशी, कानात घालायचे बोळे, पाण्याची बाटली, चिवडा-लाडू, चप्पल आणि छोटी टॉर्च. पैसे आणि कागदपत्रं झोपताना अंगाशीच ठेवा.

आणि चौथी, जी बहुतेक जण विसरतात. बोटीत शिरल्यावर लाइफ जॅकेट कुठं आहे आणि वर जायचे जिने कोणते, हे उजेडात एकदा पाहून ठेवा. तुम्ही सगळ्यात खाली झोपणार आहात.

एवढं स्वस्त का?

एक कारण उघड आहे. एका केबिनच्या जागेत बंकच्या कितीतरी बर्थ बसतात. खरं कारण दुसरं आहे. ही सेवा नफ्यासाठी नाही, ती बेटांवरच्या लोकांची एसटी आहे. सरकार तोटा सोसून ती चालवतं, आणि ज्यांच्याकडे बेटावरचे रहिवासी असल्याचं कार्ड आहे त्यांना भाड्यात आणखी सवलत असते.

अंदमानात आज राहणारे बरेच लोक मुळात बोटीनंच तिथं आले. १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत सुरू झाली ती बोटीतून आणलेल्या कैद्यांनी. १९११ मध्ये सावरकरांना नेलं ते 'महाराजा' बोटीतून, पिंजऱ्यात कोंबलेल्या कैद्यांसोबत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधली निर्वासित कुटुंबं आली. रांचीकडचे आणि तामिळनाडू-आंध्रातले मजूर आले. त्यांची नातवंडं आज कॉलेजसाठी, ऑपरेशनसाठी, गावच्या लग्नासाठी मुख्य भूमीवर येतात. सुट्टीच्या दिवसांत विमानाची तिकिटं भडकतात, तेव्हा पाच माणसांच्या कुटुंबाला उरतो तो बंक.

बेटांच्या आपापसातल्या प्रवासातही हेच. पोर्ट ब्लेअरहून निकोबारच्या कॅम्पबेल बे पर्यंत जाणाऱ्या बोटी रात्रभर चालतात, आणि तिथंही गरिबाची झोप बंकमध्येच होते.

आपल्याकडे हे अगदीच परकं नाही. मुंबईहून कोकण-गोव्याला जाणाऱ्या बोटींच्या डेकवर पथारी टाकून चाकरमानी गावी जायचे. घरात आजोबा असतील तर विचारून बघा.

मग आपण जावं का?

हिशोब सरळ मांडा. महाराष्ट्रातून आधी चेन्नई गाठायला रेल्वेनं जवळपास एक दिवस. बोटी महिन्यातून मोजक्याच, वेळापत्रक थोडेच दिवस आधी कळतं आणि निघायला उशीरही होतो. त्या दिवसांची चेन्नईतली खोली आणि जेवण धरलं की आधी काढलेलं विमानाचं तिकीट महाग वाटत नाही. आठ दिवसांची रजा असेल तर पैसे वाचवायला म्हणून बोटीनं जाऊ नका.

वेळ हाताशी आहे आणि समुद्र बघायचाय, तर एका बाजूनं बोट, दुसऱ्या बाजूनं विमान हा मध्यम मार्ग चांगला. जानेवारी ते मार्चमध्ये बंगालचा उपसागर त्यातल्या त्यात शांत असतो. पावसाळ्यात तो खवळलेला असतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर चक्रीवादळांचे दिवस. तिकिटं अंदमान प्रशासनाच्या जहाजसेवा संचालनालयाकडून मिळतात. फोटोचं ओळखपत्र लागतंच.

आणि शाळेच्या सुट्ट्या किंवा दुर्गापूजेच्या गर्दीत बंकचं तिकीट काढताना एवढं लक्षात ठेवा. आपल्याला न मिळालेल्या बर्थमुळे आपली सहल पुढं जाते, बेटावरच्या माणसाचं कदाचित ऑपरेशन पुढं जातं.